कळा आणण्याआधी गर्भपिशवीच्या तोंडात फुगा का ठेवतात?

लातूरला दाखल असलेल्या आपल्या बहिणीला डॉक्टर ‘फुगा’ ठेवणार आहेत, तो कशासाठी, असे आपण विचारले आहे. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा साधारण 30 ते 60 मिली निर्जंतुक सलाईनने फुगवतात. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडते आणि तेथेच प्रोस्टाग्लँडिन (तोंड मऊ करणारे शरीरातलेच द्रव्य) स्रवून ते मऊही होते. तोंड सुमारे 3 सेंटिमीटर उघडले की फुगा बहुधा आपोआप निसटतो. लगेच बाळंतपण होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पुढे अनेकदा ऑक्सिटोसिन (कळा आणणारे औषध) लागतेच. तोंड मऊ करण्यासाठी देतात त्या औषधांच्या तुलनेत अतितीव्र कळांचा धोका कमी असल्याने, आधी सिझर झालेल्या स्त्रीसाठी मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो. वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर असल्यास मात्र तो वर्ज्य आहे.