नागिणीचा विळखा बेंबीपाशीच का थांबतो?

प्रश्न : सासऱ्यांना नागीण झालीये, वय ७१. उजव्या बाजूला पाठीपासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा, अंगाला बनियन लागला तरी कळवळतात. गावाहून आलेल्या आत्या म्हणाल्या की नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, तेव्हापासून सासूबाई रोज टेप घेऊन मोजतायत! पण पट्टा बेंबीपाशी रेघ मारल्यासारखा थांबलाय. असं का?

उत्तर : आधी तो टेप शिलाई मशीनच्या खणात परत टाका. तोंड-शेपूट जुळून कुणी मरत नाही, आणि सहसा ते जुळतही नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा व्हायरस अंगातून जातच नाही, मणक्याजवळ नर्व्हच्या गाठींमध्ये झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की बहुतेक वेळा एकाच गाठीत उठतो अन् तिच्या नर्व्हवरून खाली कातडीपर्यंत येतो. मणक्यातून नर्व्हच्या ३१ जोड्या निघतात, जवळजवळ प्रत्येकीला कातडीचा आपापला पट्टा वाटून दिलेला, उजवीला उजवा, डावीला डावा, म्हणून फोड अंगाच्या मधल्या रेघेशी, बेंबीपाशी थांबतात. बेंबीचा पट्टा छातीच्या दहाव्या नर्व्हचा, म्हणजे सासऱ्यांची तीच किंवा तिची शेजारीण असणार. १९०० साली हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागिणीचेच पेशंट बघून अख्ख्या अंगाचा असा नकाशा काढला होता.

आता पट्ट्यांमध्ये हे बांध घालतं कोण, तर खरी गंमत इथेच आहे. पिकलेल्या केळ्यांवर ती बारकी चिलटं येतात ना, त्यांच्या अळीच्या कातडीत दुखणं ओळखणाऱ्या नर्व्ह पेशी असतात, त्यांच्या फांद्या सगळी कातडी व्यापतात पण शेजारणीची फांदी लागली की मागे फिरतात. त्यातली एक पेशी मारून टाकली की शेजारीण लगेच बांध कोरून मोकळ्या जागेत घुसते. वेगळ्या कामाच्या पेशींच्या फांद्या मात्र तिथूनच खुशाल जातात, भांडण फक्त भाऊबंदांत! झेब्राफिश माशाच्या पिल्लात डोक्याच्या एका बाजूच्या अशा पेशी काढल्या तर दुसऱ्या बाजूच्या मधली रेघ ओलांडून येतात.

आपल्या माणसांत हिशेब एवढा कडक नाही, शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असतात, म्हणून एखादी नर्व्ह गेली तरी तो पट्टा सहसा पूर्ण बधिर होत नाही.

गेरूबिरू लावत बसू नका. नागिणीच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या, उशीर झाला असला तरी आजच डॉक्टरांना दाखवा, आणि कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ फोड दिसले तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळा. फोड सुकल्यावरही काही महिने त्याच पट्ट्यात आग होऊ शकते, तेव्हा वरून कातडी चांगली दिसते म्हणून घरात कुणी त्यांना नाटक करताय म्हणू नका, आतली नर्व्ह दुखावलेली असते आणि त्यावर वेगळी औषधं मिळतात.