वाचकांचे प्रश्न : न थांबणारी खाज आणि पांढरी पडलेली त्वचा

प्रश्न : माझे वय ५७ असून मी परळला राहते. पाळी बंद होऊन सात वर्षे झाली. गेली दोन वर्षे लघवीच्या जागी बाहेरच्या बाजूला सतत खाज येते आणि रात्री त्यामुळे झोप लागत नाही. अंगावरून पांढरे जात नाही. एका डॉक्टरांनी न तपासताच बुरशीच्या गोळ्या दिल्या, पुढे त्याच गोळ्या मी दुकानातून आणून घेत राहिले. रोज जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुते. आता तिथली कातडी पांढरी पडली आहे आणि शौचाच्या वेळी चीर पडून आग होते. हे कोड आहे की कॅन्सर? घरात कोणालाही सांगितलेले नाही.

उत्तर : दोन वर्षे औषधे चालू आहेत आणि या दोन वर्षांत एकाही डॉक्टरांनी ती जागा पाहिलेली नाही, ही गोष्ट मला तुमच्या पत्रात सर्वांत गंभीर वाटते. खाज म्हणजे बुरशी असे समजून गोळ्या देणे सोपे असते. पण पाळी गेल्यानंतर, मधुमेह नसताना आणि पांढरे जात नसताना बुरशीचा संसर्ग वारंवार होणे तसे कमीच आढळते. गोळ्यांनी गुण येत नसेल तर कारण दुसरे आहे असे धरून चालावे.

रात्री वाढणारी खाज, पांढरी पडलेली कातडी आणि शौचाच्या जागेपर्यंत पडणाऱ्या चिरा या वर्णनावरून ‘लायकेन स्क्लेरोसस’ या आजाराची शक्यता मला अधिक वाटते, मात्र खात्री प्रत्यक्ष तपासणीनंतरच देता येईल. यात त्वचेला दीर्घकाळ सूज राहते, ती चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसू लागते आणि जरा ताण पडला की फाटते. उपचार न झाल्यास आतले भगोष्ठ (योनीच्या तोंडाभोवतीच्या त्वचेच्या घड्या) हळूहळू बाहेरच्यांना चिकटून सपाट होतात आणि योनीचे तोंड अरुंद होऊ शकते. हा आजार संसर्गजन्य नाही. पतीकडून आलेला नाही, त्यांना होणारही नाही आणि अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटल्याने तो होत असावा असे मानले जाते. अशा स्त्रियांमध्ये थायरॉइडचे विकारही तुलनेने अधिक दिसतात, म्हणून रक्तातील साखरेबरोबर थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी.

कोडात त्वचेचा फक्त रंग जातो, पोत बदलत नाही आणि सहसा खाजही येत नाही. कॅन्सरबद्दल स्पष्टच सांगते : लायकेन स्क्लेरोसस असलेल्या शंभर स्त्रियांपैकी पाचांहून कमी जणींना पुढे त्या जागी कॅन्सर होतो, आणि नियमित उपचार घेणाऱ्यांमध्ये हा धोका आणखी कमी होतो. न भरणारी जखम, जाड टणक चट्टा, गाठ किंवा रक्त येणे यांपैकी काही दिसल्यास मात्र एक आठवडाही थांबू नये. अशा वेळी, किंवा निदानाबद्दल शंका असल्यास, ती जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात व तपासणीला पाठवतात. त्यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र स्टेरॉइडचे मलम. नेहमीची पद्धत अशी की पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक रात्र सोडून आणि तिसरा महिना आठवड्यातून दोनदा ते लावावे. एका वेळी तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल त्याहून जास्त मलम घेऊ नये; ३० ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने पुरली पाहिजे. नेमके कुठे लावायचे हे डॉक्टरांकडून आरशात पाहून समजून घ्यावे. ट्यूबसोबतच्या कागदावर ‘गुप्तांगावर लावू नये’ असे वाचून अनेक जणी घाबरतात आणि खाज कमी होताच औषध सोडतात. या आजारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते तिथेच लावायचे असते आणि अर्धवट सोडल्यास त्रास परत येतो. खाज आणि चिरा काही आठवड्यांत कमी होतात, पण पांढरेपणा पूर्ण जाईलच असे नाही आणि चिकटलेले भाग पूर्ववत होत नाहीत. हा आजार दीर्घकाळ सोबत राहणारा असल्याने तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा ती जागा दाखवत राहावी.

जंतुनाशकाचे पाणी आजपासून बंद करा. साबण, सुगंधी ओले रुमाल आणि जाहिरातीतले खास ‘वॉश’ही नकोत, साधे पाणी पुरते. लघवीपूर्वी थोडे पेट्रोलियम जेली लावल्यास आग कमी होते.

तपासल्यावर दुसरेच काही निघू शकते. खाजवून जाड झालेली कातडी, सोरायसिस, ॲलर्जी किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ही त्यांतली नेहमीची कारणे. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातील गोळी चालू असेल, तर लघवीतून साखर जाते आणि बुरशी वाढू शकते. पत्र वाचणाऱ्या इतर भगिनींनी हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

परळलाच केईएम रुग्णालय आहे आणि तिथे त्वचारोग व स्त्रीरोग हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढताना खिडकीवर ‘त्वचेचा त्रास’ एवढे सांगणे पुरेसे आहे, आणि आत गेल्यावर ‘बाई डॉक्टरांनी तपासावे’ असे मोकळेपणाने म्हणावे. जमल्यास सून, बहीण किंवा मैत्रीण, कोणा एकीला सांगून सोबत न्या. ही लपवण्याजोगी गोष्ट नाही, आणि दोन वर्षे तुम्ही हे एकट्याने सोसलेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : मी २६ वर्षांची असून कांदिवलीहून लोकलने नोकरीला जाते. पावसाळ्यात कपडे ओले राहून जांघेत गोल, खाजरे चट्टे आले. केमिस्टने दिलेल्या क्रीमने दोन दिवसांत आराम पडतो, पण थांबवताच चट्टे वाढतात आणि आता ते पुढच्या भागापर्यंत आले आहेत. काय करावे?

उत्तर : हा बहुधा नायटा आहे आणि तुमच्या क्रीममध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. वरच्या उत्तरात जे औषध मी उपाय म्हणून सांगितले तेच येथे अपाय करते, म्हणूनच निदानाशिवाय मलम लावू नये. स्टेरॉइडची अनेक मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घालण्यात आली, तरीही ती सर्रास मिळतात.

क्रीमची ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे का ते कळते. बुरशीविरोधी गोळ्या व मलम काही आठवडे, चट्टे दिसेनासे झाल्यानंतरही सांगितले तितके दिवस घ्यावे लागते. गरोदर असल्यास किंवा तसा विचार असल्यास गोळी सुरू होण्याआधी सांगा. घरात आणखी कोणाला असे चट्टे असतील तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा, टॉवेल वेगळा ठेवा, आणि पावसाळ्यात आतले कपडे दमट राहिल्यास इस्त्री फिरवून पूर्ण वाळल्यावरच घाला.