पॅच लागत का नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर): आडतीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून सांभाळतो. आडतीतल्या मशीनला इंटरनेट नाही, म्हणून बदलांची पॅच फाइल (कोडमध्ये कुठं काय बदललं एवढंच नोंदवणारी) करून पेनड्राइव्हवर नेतो. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची पॅच लावणारी कमांड 'गिट अप्लाय' चालवली की 'पॅच डझ नॉट अप्लाय' येतं आणि एकही फाइल बदलत नाही. जुनी 'पॅच' कमांड निदान अर्धं काम तरी करायची. गिटला तेवढंही जमत नाही का?

उत्तर: जमतं, पण मुद्दाम करत नाही. 'गिट अप्लाय' पॅचमधले सगळे तुकडे (एकेका जागचे बदल) आधी तपासते आणि एक जरी बसला नाही तरी कुठल्याच फाइलला हात लावत नाही. हिशेबाच्या कामाला हेच बरं. तोलाईचा कोड नवा आणि हमालीचा जुना, अशा अवस्थेत पट्टी निघण्यापेक्षा काहीच न बदललेलं परवडलं. अर्धवट लावायचंच असेल तर '--रिजेक्ट' आहे. न बसलेले तुकडे ती '.रेज' फायलींत ठेवते आणि ते हातानं बसवावे लागतात. तिकडे सगळ्यात शेवटी वळा.

जुनी 'पॅच' कमांड तुकड्याच्या कडेच्या दोनपर्यंत संदर्भ-ओळी (बदलाची जागा ओळखायला दिलेल्या आजूबाजूच्या ओळी) सोडून देते, म्हणून ती लवकर 'हो' म्हणते. गिट तुकडा खाली-वर सरकला असेल तर शोधून काढतं, पण संदर्भाच्या सगळ्या ओळी जुळाव्याच लागतात. '-सी१' देऊन ही अट सैल करता येते. मात्र सारखेच दिसणारे चार फंक्शन एकाखाली एक असतील, तर बदल भलत्याच फंक्शनमध्ये जाऊन बसेल आणि कुणाला कळणारही नाही.

तुमच्या कामाचा पर्याय '--थ्रीवे' आहे. पॅचमध्ये प्रत्येक फाइलच्या वर 'इंडेक्स' म्हणून एक ओळ असते. त्यात मूळ फाइलची ओळख नोंदलेली असते. ती मूळ प्रत तुमच्या रेपॉझिटरीत (गिटच्या नोंदींच्या कोठारात) असेल, तर गिट मूळ, तुमची आणि पाठवणाऱ्याची अशा तिन्ही प्रती समोर ठेवून मिलाफ करतं. पॅच बनवताना 'गिट फॉरमॅट-पॅच' वापरा. नुसतं 'गिट डिफ' वापरत असाल तर सोबत '--बायनरी --फुल-इंडेक्स' द्या, नाहीतर पावतीवरच्या लोगोची फाइल बदलली असली की पॅच तिथंच अडेल. आडतीतल्या मशीनवर आधीचे बदल कमिट करून (गिटमध्ये पक्के नोंदवून) घ्या, कारण '--थ्रीवे' गिटचा इंडेक्सही (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या फायलींची नोंद; पॅचमधली 'इंडेक्स' ओळ वेगळी) बदलते आणि फाइल इंडेक्सशी जुळत नसेल तर काम नाकारते. मग '--चेक' देऊन चाचणी घ्या आणि ती नापास झाली तरी '--थ्रीवे' लावून बघा. जिथं खरोखर भांडण (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) असेल तिथं फाइलमध्ये खुणा पडतात. त्या सोडवून 'गिट ॲड' करा. लक्षात घ्या, इथं फाइल बदललेली असते, त्यामुळे खुणा निस्तरेपर्यंत सॉफ्टवेअर चालू करू नका.

'--थ्रीवे' आधी सरळ लावून बघायची आणि ते फसलं तरच मिलाफाकडे वळायची. जून २०२१ मध्ये आलेल्या २.३२ आवृत्तीपासून हा क्रम उलटा झाला. सुधारणा लहान दिसते, पण मोलाची आहे. सरळ पद्धत फक्त आजूबाजूच्या ओळी बघते, मिलाफ पूर्ण फाइल बघतो. आडतीतल्या मशीनवर जुनं गिट असेल तर 'गिट --व्हर्जन' बघून नवं टाका.

मूळ प्रत रेपॉझिटरीत नाही अशी तक्रार आली, तर त्या मशीनवर मधले कमिटच पोहोचलेले नाहीत. आमच्या मते तुम्ही पॅच सोडून 'गिट बंडल' (कमिट एका फाइलमध्ये बांधून) न्यावं. पेनड्राइव्हवरच्या त्या एका फाइलमधून थेट 'गिट फेच' करता (कमिट ओढून घेता) येतं.

प्रश्न (परभणी): 'गिट अप्लाय' चालते, चूक दाखवत नाही, पण बदलही होत नाही. असं का?

उत्तर: तुम्ही आतल्या फोल्डरमध्ये उभे आहात. तिथून चालवलं की त्या फोल्डरबाहेरच्या फायलींचे बदल गिट गुपचूप वगळतं. '-व्ही' लावलंत तर 'स्किप्ड पॅच' असं दिसेल. रेपॉझिटरीच्या मुळाशी जाऊन चालवा. आमच्या मते इथं गिटनं न विचारता इशारा द्यायला हवा.

प्रश्न (नांदेड): विंडोजवर 'गिट डिफ' ची पॅच फाइल केली. नोटपॅडमध्ये छान दिसते, गिट म्हणतं यात पॅचच नाही.

उत्तर: पॉवरशेल ५.१ मध्ये '>' चिन्हानं केलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवायच्या एका वेगळ्या पद्धतीत) लिहिली जाते, ती गिटला वाचता येत नाही. 'गिट डिफ --आउटपुट=बदल.पॅच' असं लिहा, म्हणजे फाइल गिट स्वतः लिहील. पॅच व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवूनही पाठवू नका, फाइल म्हणूनच जोडा. लांब ओळ मधेच तुटली की 'करप्ट पॅच' येतं आणि टॅबच्या जागी स्पेस आली की 'पॅच डझ नॉट अप्लाय'.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मराठी लेबलांच्या फाइलमध्ये 'शेतकऱ्याचे नाव' ही ओळ दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे, तरी पॅच लागत नाही. '--इग्नोर-व्हाइटस्पेस' देऊनही नाही.

उत्तर: त्या पर्यायानं सुटलं नाही, म्हणजे बहुधा मोकळ्या जागेचा घोळ नाही. मग संशय 'ऱ्या' वर घ्या. हे जोडाक्षर तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं: युनिकोडातलं ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र 'ऱ' वापरून, साध्या 'र' ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखी दिसू शकतात, पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्या प्रकारच्या 'ऱ्या' ला १२ बाइट लागतात आणि उरलेल्या दोन्हींना १५. गिट बाइट बघतं, अक्षर नाही. दोन्हीकडची ती एकच ओळ वेगळ्या फायलींत घेऊन बाइट मोजा, तीनाचा फरक आला तर बहुधा हेच कारण. नुक्ता आणि जोडक हे दोन प्रकार समोरासमोर असतील तर मोजणी सारखीच येईल. तेव्हा फाइल हेक्समध्ये (बाइटांचे आकडे दिसतील अशी) उघडून बघा.

पॅच हातानं दुरुस्त करत बसू नका. एक रूप ठरवा, आमची शिफारस ०९३१ ची. एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडाच्या नियमानं अक्षरांना एकच रूप देणं) केलं की नुक्त्याचं रूप आपोआप त्यात येतं, जोडकाचं मात्र शोधून बदलावं लागतं. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये करा आणि पाठवणाऱ्याला त्यावर नव्यानं पॅच काढायला सांगा.