‘स्पॅनिश शिकून मुलगी काय करणार?’

प्रश्न : माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिने स्पॅनिश शिकायचा हट्ट धरलाय. एवढ्याशा स्पेनची भाषा शिकून पोट भरेल का? नातेवाईक म्हणतात, शिकायचीच तर जर्मन शिकू दे. बी.कॉम. सोडून भाषा घेऊ द्यावी का?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण आधी ‘एवढासा देश’ हा शब्द बाजूला ठेवूया. स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसं जगात साधारण 50 कोटी आहेत, आणि त्यातला दहातला एकसुद्धा धड स्पेनमध्ये राहत नाही. सगळ्यात जास्त आहेत मेक्सिकोत. खाली कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिनापर्यंत हीच भाषा चालते. फक्त मधल्या ब्राझीलमध्ये पोर्तुगीज. वीस देशांची ही राजभाषा, त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीही आला. खुद्द अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांमध्येही ती आहे.

आपला त्या मुलखाशी संबंधही जुना आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1920च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. परक्या भाषेत शिकवून त्यांनी एवढा मान मिळवला, हे मी प्रत्येक मुलाला सांगते. आज पुण्याच्या बजाजच्या दुचाकी कोलंबियात धावतात, पेरूत त्यांच्या तीनचाकी मोटोटॅक्सी म्हणून फिरतात. टीसीएसचं उरुग्वेतलं केंद्र 2002पासूनचं आहे. हा व्यवहार कुणीतरी स्पॅनिशमध्ये सांभाळतंच ना?

आता नोकरीचं खरं सांगते. नुसत्या भाषेवर नोकरी मिळते ती अनुवाद, शिकवणं, पर्यटन अशा मोजक्या ठिकाणी. भाषेच्या जोडीला दुसरं काही येत असेल तर दार पटकन उघडतं. म्हणून बी.कॉम. सोडू देऊ नका. हिशेब कळणारी आणि मेक्सिकोच्या व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत बिलाबद्दल बोलू शकणारी मुलगी निर्यातदाराला आणि आयटी कंपनीला, दोघांनाही हवी असते. फक्त वेळेचा विचार आत्ताच करा. मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिकडची कामं बहुतेक रात्रपाळीची. घरात हे आधीच बोलून घ्या, नंतर वाद नकोत.

जर्मनबद्दल नातेवाईक चुकत नाहीत. नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग करून तिकडे स्थायिक व्हायचं असेल तर मीही जर्मनच सुचवते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. शिवाय मुलीचं मन जिथे आहे तिथे ती टिकेल. भाषेत टिकणं हीच मोठी गोष्ट असते. दोन पातळ्या करून सोडून देणारी मुलं मी फार बघते, आणि दर वेळी वाईट वाटतं.

मराठी मुलांना ही भाषा जवळची वाटते. आपण नुसतं ‘येते’ म्हटलं की ‘मी’ म्हणायची गरज उरत नाही. तिथेही ‘व्हेंगो’ एवढंच पुरतं. तू आणि तुम्ही यांतला फरक आहे. वस्तूंना लिंग आहे. टोमॅटोला ते ‘तोमाते’ म्हणतात, आपल्या दंत्य ‘त’ने, इंग्रजीच्या सवयीने ‘टोमाटे’ म्हणणाऱ्याला मी लगेच थांबवते. आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आलेला ‘पगार’ स्पॅनिशमध्ये ‘पैसे देणे’ या अर्थाने भेटतो. अडतं ते ‘आहे’पाशी. ‘ती हुशार आहे’ आणि ‘ती दमलेली आहे’ यांतल्या ‘आहे’साठी तिथे दोन वेगळी क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. ती अंगवळणी पडायला वर्ष जातं. आणि देशागणिक शब्द बदलतात: स्पेनमध्ये ‘कामियोन’ म्हणजे ट्रक, मेक्सिकोत त्याच शब्दाने बस समजतात.

ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रमाणपत्राने नोकरी मिळत नाही. बी-टू ही चौथी पातळी गाठायची, आणि रोज तासभर दिला तरी त्याला दोन-अडीच वर्षं धरा, म्हणजे बी.कॉम. संपेपर्यंत. परीक्षा ‘देले’ची द्यायला सांगा, ती स्पेन सरकारच्या सेर्व्हान्तेस संस्थेची, जिचं केंद्र दिल्लीत आहे, आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. पुण्यात शिकायला ठेवणार असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात चौकशी करा. तिला भाषेतच पदवी हवी असेल तर दिल्लीच्या जेएनयूत ती आहे, प्रवेश सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून. त्या अर्जाची तारीख चुकवू नका.

खासगी क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी मुलीला तिथे एक तास बसू द्या, आणि बी-टूपर्यंत शिकवून किती मुलं पुढे गेली ते त्यांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरा क्लास शोधा.