दाह, सूज की शोथ? आणि पेशी खरंच 'आत्महत्या' करतात का?

साताऱ्याच्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं विचारलंय: इन्फ्लमेशनला दाह म्हणायचं, सूज की शोथ? शिवाय तिच्या वहीत एक वाक्य आहे, 'टीएनएफमुळे पेशी आत्महत्या करतात'. (टीएनएफ म्हणजे शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप म्हणून धाडतात ते एक प्रथिन.) ते मराठी म्हणून चालेल का?

पहिल्याचं उत्तर तिच्याच जिल्ह्यात, वाईत सापडतं. तिथं तयार झालेल्या मराठी विश्वकोशात 'शोथ' वापरलाय आणि वाचक अडखळू नये म्हणून पुढे कंसात 'दाहयुक्त सूज' दिलंय. कंस द्यावा लागला यातच सगळं आलं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पायावर येते तीही सूजच, पण तिच्यात दाह नसतो. उलट बोलीत दाह म्हणजे नुसती आग, जळजळ. रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी लाली, सूज, ऊब आणि वेदना अशी चार लक्षणं एकत्र मांडली. आपले शब्द त्यातलं एकेकच धरतात. मी लिहिताना 'दाह' वापरतो, पेशंटशी बोलताना 'सूज'. शोथ परीक्षेपुरता ठेवावा.

आता आत्महत्या. हा शब्द मला पटत नाही. पेशीच्या अशा हुकमानं येणाऱ्या, शिस्तीतल्या मरणाला शास्त्रात अपॉप्टोसिस म्हणतात. हा ग्रीक शब्द झाडाची पानं, फुलाच्या पाकळ्या गळण्यासाठीचा. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी तो पेशींना लावला. सुचवला होता अ‍ॅबरडीनच्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकानं, जेम्स कॉर्मॅक यांनी. म्हणजे मराठीत सरळ 'पानगळ'! आणि हा शब्द आमच्या सांगली जिल्ह्यात रोजच्या वापरातला आहे. आटपाडीकडं डाळिंबाची बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात, मग इथ्रेल नावाचं औषध मारून पानगळ करतात. इथ्रेलमधून इथिलीन वायू सुटतो, तो झाडाला निरोप. देठाशी पेशींचा थर सुटतो आणि पान अलगद खाली येतं. गळल्या जागी हात फिरवून बघा, खूण कोरडी आणि बंद असते. गारपिटीनं तीच पानं फाटतात, फांदीची साल सोलते, जखम उघडी राहते.

पेशीचंही असंच. निरोप आला की ती आकसते, तिचे लहान लहान पुडे होतात, आवरण शाबूत असतानाच भक्षक पेशी ते गिळून टाकतात. बोभाटा नाही, म्हणून दाहही जवळपास नाही. आत्महत्या म्हटलं की निर्णय ज्याचा त्याचा. इथं हुकूम बऱ्याचदा बाहेरून येतो.

गारपिटीसारखं मरण आलं, की आवरण फाटून आतला माल बाहेर सांडतो आणि दाह पेटतो. गंमत म्हणजे काही वेळा पेशी हुकमावरूनच अशी फुटते. त्याला 2001 मध्ये पायरॉप्टोसिस नाव मिळालं, पायरो म्हणजे आग. जंतू आत शिरल्याचं कळलं की गॅसडर्मिन नावाचं प्रथिन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडतं. हा निरोप्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो, तापही चढवतो. गळू ठणकतं, मग 'पिकतं', फुटल्यावर पू येतो. त्या पुवात बऱ्याचशा अशा धावून आलेल्या आणि तिथंच मेलेल्या पेशी असतात. याला 'आगफूट' म्हणावं असं मला वाटतं. कुणाला हसू आलं तर येऊ दे.

राहिला टीएनएफ. नावाचा अर्थ गाठीचा (ट्यूमरचा) नाश करणारा घटक. 1975 मध्ये उंदरांच्या गाठी त्यानं मरताना दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. पण बहुतेक पेशींना तो आधी जगायचा आणि दाह चेतवायचा निरोप देतो. जगण्याची ती वाट आतून अडली, तरच पेशी पानगळीकडं वळते. पानगळीचीही वाट बंद केली, तर फुटून मरते. आज संधिवातात याच टीएनएफला अडवणारी औषधं देतात, आणि ती गाठीसाठी नव्हे, दाहासाठी!

तेव्हा वहीतलं वाक्य मी असं करीन: 'टीएनएफच्या निरोपानं बहुतेक पेशी दाह चेतवतात, जगण्याची वाट अडली असेल, तर गळून पडतात.'