गच्चीवरचे गुलाब आणि दहा दिवसांचे खोटे

विलेपार्ल्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र संक्षेपाने असे आहे:

‘मी आणि शेजारच्या इमारतीतली माझी मैत्रीण, दोघी गेली चौदा वर्षे आपापल्या गच्चीवर कुंड्यांमध्ये गुलाब लावतो. आमच्या भागातल्या गुलाबप्रेमींच्या मंडळाचे प्रदर्शन दर वर्षी २६ जानेवारीला भरते आणि सर्वोत्तम फुलाला फिरती ढाल मिळते. सलग तीन वर्षे ती ढाल तिच्याकडे गेली. गेल्या डिसेंबरात तिने नेहमीप्रमाणे मला विचारले, “अगं, यंदा छाटणी कधी धरायची?” मी माझी छाटणी ८ तारखेलाच उरकली होती, पण तिला म्हणाले, “मीही अजून हात लावलेला नाही, १८ ला करू.” तिचे गुडघे धरले होते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ती माझ्या गच्चीवर आली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी तिच्या कळ्या मिटलेल्याच होत्या आणि ढाल मला मिळाली. परीक्षक येण्यापूर्वी माझ्या फुलाची बाहेरची फाटकी पाकळी तिनेच अलगद काढून दिली होती. आठ महिने झाले, ढाल कपाटात आहे. मुलगी म्हणते, एका फुलाचे काय घेऊन बसलीस. मला वाटते, गुलाब लावणेच सोडावे आणि सगळ्या कुंड्या तिला देऊन टाकाव्यात. तिला खरे सांगू का?’

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हो, सांगा, आणि पाऊस ओसरल्यावरची ऑक्टोबरची छाटणी सुरू होण्यापूर्वी सांगा.

तुमच्या मुलीला हे प्रकरण क्षुल्लक वाटते याचा दोष मी तिला देणार नाही, कारण ज्याने स्वतः गुलाब वाढवलेला नाही त्याला दहा दिवसांचे मोल कळणे अवघड आहे. तुम्हाला मात्र ते नेमके ठाऊक होते. मुंबईच्या हवेत छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस जातात आणि थंडी जरा जास्त पडली की त्याहूनही अधिक लागतात. परीक्षकांना हवे असते ते अर्धे ते पाऊण उमललेले, मध्य उंच राहिलेले फूल, आणि ती अवस्था जेमतेम एक-दोन दिवस टिकते. ८ डिसेंबर ते २६ जानेवारी हे ४९ दिवस होतात आणि १८ डिसेंबरपासून मोजले तर ३९ होतात. उरलेले दहा दिवस कोणतेही खत, कोणतीही पेंड, कितीही ऊन भरून काढू शकत नाही. म्हणजे तुम्ही ते एक वाक्य उच्चारले त्याच क्षणी निकालाचा निम्मा भाग ठरून गेला होता, आणि तुम्ही वर्षानुवर्षे छाटणीची डायरी ठेवणाऱ्या असल्यामुळे ते तुमच्या तोंडून चुकून गेले, असेही म्हणता येत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला फार वेळ अडवून धरले. तुम्ही लिहिता की तिच्या हाताला माती ऐकते आणि तुमच्या हाताला हिशेब. कुंडी कधी तहानली आहे हे तिला बोट न लावता समजते, आणि तारखा, खतांची मात्रा, कोणत्या झाडाला कधी कळी आली हे सगळे तुमच्या वहीत असते. म्हणूनच ती दर वर्षी तारीख तुम्हाला विचारते. तिला स्वतःला मोजता येत नाही असे मुळीच नाही. चौदा वर्षांत तुम्ही दोघींनी कामाची अशी वाटणी करून घेतली आहे की तुमच्या वहीवर ती डोळे मिटून विसंबते. तुम्ही खोटे सांगितलेत ते नेमके त्या जागी, आणि माझ्या मते त्या ढालीपेक्षा तेच तुम्हाला खाते आहे.

इथे एक भेद मात्र स्पष्ट करते, कारण अपराधी मनाला सगळेच अपराध वाटू लागते. तुम्ही तिला ‘यंदा मी तारीख सांगणार नाही, तुझी तू ठरव’ असे म्हणाला असतात, तर त्यात काहीही गैर नव्हते. स्पर्धा म्हटली की थोडे झाकून ठेवणे आलेच. लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण शेजारणीला न सांगणारी बाई कंजूष ठरेल, खोटारडी ठरणार नाही. पण चमचाभर मोहरीच्या जागी दोन चमचे सांगून तिची बरणी कडू करणारी बाई वेगळी. तुम्ही त्या दिवशी ही दुसरी बाई झालात, आणि हे मी तुम्हाला कठोर होण्यासाठी सांगत नाही, तर तिच्यासमोर बसाल तेव्हा नेमके काय कबूल करायचे आहे ते तुमच्या मनात स्वच्छ असावे म्हणून सांगते. जिंकावेसे वाटले, याची माफी मागू नका. तीन वर्षे ढाल दुसऱ्या घरी जाताना पाहणे, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी ‘ह्या त्यांच्या मैत्रीण, ह्याही गुलाब लावतात’ अशी ओळख करून देणे, हे मनाला लागतेच. ‘ह्याही’मधला तो ‘ही’ कुणालाही लागेल.

अभिमान वाईट, चुरस वाईट, म्हणून आता फुलेच नकोत, या तुमच्या विचाराशी मी अजिबात सहमत नाही. मुंबई ही गुलाबाची भूमी नव्हे. जून ते सप्टेंबर पानांवर काळे ठिपके पडून झाडे उघडी होतात, कापलेल्या फांदीच्या टोकाकडून मर खाली उतरत येते, आणि पाऊस थांबेपर्यंत झाड जगवणे हेच काम असते. असल्या हवेत दोन गच्च्यांवर प्रदर्शनायोग्य फूल फुलते, त्याचे कारण ऑगस्टच्या भर पावसात छत्री धरून फांद्यांच्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावताना तुमच्या प्रत्येकीच्या मनात दुसरीची गच्ची असते. तुम्ही नसता तर तिने एवढे केले नसते, आणि ती नसती तर तुम्हीही नाही. दर वर्षी तुम्ही दोघी दादरला गाडी बदलून भायखळ्याला राणीच्या बागेतले महापालिकेचे फुलांचे प्रदर्शन पाहायला जाता आणि परक्यांच्या गुलाबांतल्या खोडी एकमेकींच्या कानात सांगता, असे तुम्ही लिहिले आहे. १८६२ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या त्या बागेत अशा किती जोड्या फिरून गेल्या असतील, याचा विचार मनात आला आणि मला फार बरे वाटले. यंदा मात्र तुम्ही बरे नसल्याचे कारण सांगून गेला नाहीत. म्हणजे एका खोट्याला दुसरे जोडले गेले. कुंड्या देऊन टाकल्यात तर ते तिसरे होईल, कारण ती कारण विचारेल आणि तुम्हाला काहीतरी रचून सांगावे लागेल. शिवाय तिच्या गच्चीवर तुमच्या कुंड्या येतील आणि तिची प्रतिस्पर्धी मात्र जाईल.

ज्या फुलाने तुम्हाला ढाल मिळवून दिली ते ‘पीस’ जातीचे आहे, आणि पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या खुंटावर डोळा भरण्यासाठी, म्हणजे तिच्या रोपावर या जातीचे कलम करण्यासाठी, काडी तुम्हीच दिली होती. या जातीची हकिकत तुम्हाला कदाचित माहीत असेल. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच माणसाने ती तयार केली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिच्या डोळ्यांच्या काड्या परदेशांतल्या इतर गुलाबवाल्यांकडे पाठवल्या. पुढे युद्धामुळे संपर्क तुटला, पण ते ते लोक ती वाढवत राहिले, आणि म्हणून एकाच फुलाला फ्रान्समध्ये एक, जर्मनीत दुसरे, इटलीत तिसरे नाव पडले. १९४५ मध्ये अमेरिकेत त्याचे ‘पीस’ असे नामकरण झाले. संपर्क तुटल्यावर हा व्यवहार धंद्यातल्या माणसांवर टाकलेल्या भरवशावर चालला. तुमच्या दोन गच्च्यांतलाही व्यवहार तोच आहे, आणि काडी तुम्ही दिलीच होती.

आता सांगायचे कसे ते पाहू. फोनवर नको, मंडळात नको, आणि सोबत भेटवस्तू तर मुळीच नको. तिच्या गच्चीवर जा आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका: ‘गेल्या डिसेंबरात तू विचारलेस तेव्हा माझी छाटणी झाली होती. मी तुला मुद्दाम दहा दिवस पुढची तारीख सांगितली.’ हळदीकुंकवाची गोष्ट, तीन वर्षांची सल, हे सगळे ती विचारील तेव्हाच सांगा. आधी सांगितलेत तर तिला तुमची समजूत घालावी लागेल, आणि त्या दिवशी ते काम तिचे नाही. ती रागावेल, गप्प बसेल, महिनाभर बोलणारही नाही. तेवढा वेळ तिला असू द्या आणि मध्ये कुणाला मध्यस्थीला घालू नका.

तिला हे आधीच कळले असेल, हीही शक्यता धरून चाला. चौदा वर्षे गुलाब लावणाऱ्या बाईने मिटलेल्या कळ्यांसमोर उभे राहून बोटांवर दिवस मोजले नसतील, असे मला वाटत नाही. तसे असेल तर आठ महिने ती तुमच्या बोलण्याची वाट पाहते आहे आणि उशीर होतो आहे तो तुमच्याकडून.

ढालीबद्दल तुमचा गोंधळ मी समजू शकते, पण ती मंडळाला परत करण्याची घाई करू नका. छाटणीची तारीख एकमेकींना सांगावी असा स्पर्धेचा नियम नाही, आणि परीक्षकांनी समोरच्या फुलांतले उत्तम फूल निवडले. तुमचे देणे मंडळाचे नाही, एका व्यक्तीचे आहे. तिच्याशी बोलणे झाल्यावर ढालीचे काय करावे हे तिलाच विचारा आणि ती म्हणेल तसे करा, मग ते तुम्हाला अवघड वाटले तरी.

जाताना डायरी बरोबर न्या. यंदाच्या दोन्ही छाटण्यांच्या तारखा तिच्यासमोर बसून घाला, आणि ती तयार नसेल तर तुमच्या तारखा लिहून तो कागद तिच्या कुंडीखाली ठेवून या. मागच्या ८ डिसेंबरचे पान फाडू नका. तिने पाहायला मागितले, तर तेही तिच्या हातात द्या.