'ओल्ड हॅरोव्हियन': म्हातारे, माजी की आणखी काही?

प्रश्न असा आलाय: एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना वाक्य लागलं, '१९४२ मध्ये एका ओल्ड हॅरोव्हियनच्या सरकारने दुसऱ्या ओल्ड हॅरोव्हियनला तुरुंगात टाकलं.' विचारणाऱ्या ताईंनी आधी 'वयोवृद्ध हॅरोव्हियन' लिहिलं, मग शंका आली म्हणून 'जुने हॅरोव्हियन' केलं, आणि आता तेही पटत नाहीये. मराठीत काय लिहावं?

ताई, 'वयोवृद्ध' आधी खोडा. हॅरोव्हियन म्हणजे इंग्लंडच्या हॅरो या शाळेत शिकलेला. दुसरे हॅरोव्हियन म्हणजे पंडित नेहरू, आणि अटक झाली त्या ऑगस्टमध्ये ते अवघे ५२ वर्षांचे होते. पहिले म्हणजे चर्चिल. ते ६७ वर्षांचे होते खरे, पण हे बिरुद त्यांना वयामुळे मिळालेलं नव्हतं. शाळेतून शेवटचा पाय बाहेर पडला की अठरा वर्षांचा पोरगाही 'ओल्ड' होतो. पुरावा हवा असेल तर इंग्लंडच्या एफए कप फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांची यादी काढा. १८७९ आणि १८८२ साली 'ओल्ड इटोनियन्स' जिंकले. मधे १८८१ साली अंतिम सामन्यात याच ओल्ड इटोनियन्सना 'ओल्ड कार्थुसियन्स'नी तीन-शून्य असं हरवलं. मैदानात दोन्हीकडून म्हातारे पळत होते असं कुणाला वाटू नये! एक संघ ईटन शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांचा होता, दुसरा चार्टरहाउसमधून बाहेर पडलेल्यांचा.

म्हणजे 'ओल्ड' इथे वयाचं विशेषण नाही. 'पूर्वी इथे शिकलेला' एवढाच त्याचा अर्थ.

खरी गंमत पुढच्या शब्दात आहे. ही नावं लॅटिनच्या वळणाने घडवलेली आहेत. लॅटिनमध्ये 'डब्ल्यू' हे अक्षरच नाही, म्हणून हॅरोचं रूप 'हॅरोव्ह-' झालं आणि त्याला शेपूट लागून 'हॅरोव्हियन'. (लेखक शॉ यांच्यावरून 'शेव्हियन' झालं, ते याच रीतीने.) ईटनचं 'इटोनियन' आणि रग्बीचं 'रग्बियन' ओळखायला सोपं. पण विंचेस्टरचा विद्यार्थी 'विकमिस्ट', कारण १३८२ साली शाळा काढणाऱ्या बिशपचं नाव विल्यम ऑफ विकम. चार्टरहाउसचा 'कार्थुसियन', कारण १६११ साली ही शाळा लंडनमध्ये कार्थुसियन संन्याशांच्या जुन्या मठाच्या जागेवर स्थापन झाली. श्रूजबरीचा 'सलोपियन', कारण त्या परगण्याचं दुसरं नाव सॅलप. चार्ल्स डार्विन हे ओल्ड सलोपियन. आणि लंडनच्या सेंट पॉल्सचा विद्यार्थी 'पॉलीन'! महाकवी मिल्टन त्या शाळेतले, म्हणजे ते 'ओल्ड पॉलीन'. याचं कुणी 'म्हातारी पॉलीन' केलं तर मिल्टनचं काय होईल, कल्पना करा. म्हणून पहिला नियम: आधी शाळा शोधा, मग शब्दाला हात लावा.

जाता जाता 'पब्लिक स्कूल'बद्दलही सांगतो, कारण तुमच्या लेखात तोही शब्द येणारच. त्याचं 'सार्वजनिक शाळा' करू नका. वाचकाच्या डोळ्यांसमोर नगरपालिकेची शाळा येते, आणि या शाळा त्याच्या बरोबर उलट टोकाच्या, भरमसाट फीच्या. घरी खासगी शिक्षक ठेवून शिकवण्याच्या जमान्यात, कुठल्याही गावच्या मुलाला (अर्थात फी भरणाऱ्या) प्रवेश देणारी ती 'पब्लिक'. १८६८ साली ब्रिटिश संसदेने पब्लिक स्कूल कायदा केला, त्यात ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी, चार्टरहाउस, श्रूजबरी आणि वेस्टमिन्स्टर अशा सात शाळा होत्या. मराठीत सरळ 'पब्लिक स्कूल' ठेवावं.

आता मूळ मुद्दा: 'माजी विद्यार्थी' लिहून भागत नाही का? माहिती म्हणून भागतं. रंग मात्र उडतो. 'माजी' हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ 'गेलेला काळ'. आपण त्याला 'आजी'शी जोडून 'आजी-माजी' अशी झकास जोडी केली. पण 'माजी आमदार', 'माजी नगराध्यक्ष' म्हटलं की काय ऐकू येतं? खुर्ची गेली, गाडी गेली. 'माजी'मध्ये काहीतरी सुटल्याची भावना आहे. 'ओल्ड इटोनियन'मध्ये नेमकं उलट: शाळा सुटल्यावरच ही पदवी लागते आणि मरेपर्यंत निघत नाही. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे वॉलपोल ईटनचे, बोरिस जॉन्सनही ईटनचे. मोतीहारीत जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल शिष्यवृत्तीवर तिथे शिकले आणि पुढे त्याच वर्गव्यवस्थेवर त्यांनी आयुष्यभर लेखणी चालवली, तरी चरित्रकार त्यांना ओल्ड इटोनियन म्हणायचं सोडत नाहीत.

'ॲल्युम्नी' चालेल का, असंही ताईंनी विचारलंय. एकतर तो अमेरिकी कॉलेजांकडून आपल्याकडे रुळला. दुसरं, 'मी त्या कॉलेजचा ॲल्युम्नी' हे ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडते, कारण ते अनेकवचन आहे. एकटा माणूस ॲल्युम्नस. मूळ अर्थ गोड आहे, 'पोसलेला', म्हणजे पाल्य. पण इंग्लंडच्या या शाळांच्या संदर्भात तो परका वाटतो.

मग आपलं काय? आपल्याकडे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयाचा, म्हणजे 'नूमवि'चा, 'नूमवीय' आहे, अगदी 'पाणिनीय'च्या घडणीचा. त्या चालीवर 'हॅरोवीय' होईल, पण ते शाळेच्या स्मरणिकेतलं वाटतं. 'हॅरोकर' मला मनापासून आवडतं, कारण 'कर'चीही तीच कथा आहे: गावात असेपर्यंत गावाचं नाव कुणी लावत नाही, गाव सोडलं की माणूस त्या गावचा 'कर' होतो. तरी हसू येईल, म्हणून राहू द्या.

खरा शब्द आपण रोज बोलतो आणि आपल्याला तो शब्द वाटतच नाही. पुण्यात सत्तरीच्या आजी एकमेकींना भेटतात तेव्हा 'मी हुजूरपागेची माजी विद्यार्थिनी' असं म्हणतात का? छे! 'मी हुजूरपागेची' म्हणतात, तेही वर्तमानकाळात. आमच्या ओळखीचे एक आजोबा नव्वदीतही 'आम्ही भावे स्कूलचे' असं छातीवर हात ठेवून सांगायचे. ही आपली साधी षष्ठी, 'चा-ची-चे', 'ओल्ड'चं सगळं काम करते. वय नाही, 'माजी'तली खिन्नता नाही, नातं मात्र कायमचं.

वापरून बघा. 'मुंबईत जन्मलेले इंग्लंडचे क्रिकेटपटू डग्लस जार्डिन विंचेस्टरचे. शाळेच्या एका मोसमातला त्यांचा धावांचा विक्रम १९५९ साली मोडला तो विंचेस्टरच्याच मन्सूर अली खान पतौडींनी.' कुठे अडखळायला झालं? पहिल्या उल्लेखाला 'विंचेस्टर शाळेचे' म्हणा, म्हणजे कुणी ते गावाचे रहिवासी समजणार नाही.

एक पथ्य पाळा. वाक्यात शाळेत असलेली मुलं आणि बाहेर पडलेली मुलं अशी तुलना असेल, तर 'चे' अपुरं पडतं. तिथे निमूट 'आजी-माजी विद्यार्थी' लिहावं. आणि संघाचं किंवा संघटनेचं नाव असेल, तर 'ओल्ड इटोनियन्स' जसंच्या तसं ठेवावं.

तुमच्या वाक्यात असा काही पेच नाही. नेहरू हॅरोला १९०५ ते १९०७ या काळात होते, चर्चिल त्यांच्या कितीतरी आधी, १८८८ ते १८९२. दोघांची तिथे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे गाठ पडली ती अशी की एक लंडनमध्ये पंतप्रधान आणि दुसरा आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी. म्हणून मी असं लिहीन: '१९४२ मध्ये हॅरो शाळेच्या चर्चिल यांच्या सरकारने नेहरूंना तुरुंगात टाकलं, आणि नेहरूही हॅरोचेच.' शेवटचा तो 'च' काढू नका, मूळ वाक्यातला टोमणा त्याच्यातच आहे.